चाळीतला कांदा, तांबडा समुद्र आणि मतदानाची तारीख

प्रश्न : नमस्कार सर, निफाड तालुक्यातून लिहितोय. कांदा साठवायच्या चाळीत दीडशे क्विंटल उन्हाळी कांदा आहे. 2023 च्या डिसेंबरातल्या निर्यातबंदीचा मार अजून विसरलो नाही, त्याच सीझनला चुलतभावाचा द्राक्षाचा कंटेनर युरोपला दोन आठवडे उशिरा पोचला, म्हणे तिकडच्या लढाईमुळे. आता पोरगा म्हणतो, निवडणूक जवळ नाही तर भीती कसली, थांबा अजून. खरंय का?

उत्तर : दादा, पोराचं अर्धंच बरोबर आहे. बंदी हा काही पहिला घाव नव्हता, 2023 च्या ऑगस्टातच 40 टक्के निर्यातशुल्क बसलं होतं, ऑक्टोबर सरताना टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याखालच्या भावाने बाहेर विकायचंच नाही, आणि डिसेंबरात थेट दार बंद. म्हणजे लोकसभेचं पहिलं मतदान तब्बल आठ महिने लांब होतं तेव्हाच सुरुवात झालेली. दिल्लीला कांद्याची धास्ती जुनीच आहे, 1998 ला तिथलं राज्य सरकार गेलं त्यात कांद्याच्या भावाचा हात होता असं आजही बोलतात.

बंदी उठली 4 मे 2024 ला, नाशिक-दिंडोरीचं मतदान होतं 20 मे ला. पण उठवताना टनाला किमान 550 डॉलर मूल्याची अट आणि 40 टक्के शुल्क ठेवलंच, मग राग कसा जाणार, दिंडोरीत केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवार पडल्या. पुढे विधानसभेच्या दोन महिने आधी, सप्टेंबरात, किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं. आता गंमत बघा, उरलेलं 20 टक्के गेलं 1 एप्रिल 2025 ला, तेव्हा ना लोकसभा ना विधानसभा! माल भरपूर होता, भाव पडत होते, एवढंच कारण. कांदा पिकवणारे मतदार मोजक्या जिल्ह्यांत आहेत, खाणारे देशभर, म्हणून मी तरी मतदानाच्या तारखेपेक्षा दिल्ली-मुंबईतला किरकोळ भाव बघतो. तो भडकायला लागला की अधिसूचना फार लांब नसते, आणि ती कधी कधी रात्रीच येते, सकाळी लिलावाला गेल्यावर कळतं.

द्राक्षांचं दुखणं वेगळं. नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधल्या हुती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घातला, भाडं वाढलं आणि नाशवंत माल रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, पडून राहिला. सरकारी निर्णयासमोर निदान रास्ता रोको करता येतो, याच्यासमोर काय करणार.

कधी निवडणूक आणि युद्ध दोन्ही एकत्रही येतं. नोव्हेंबर 2021 पासून पेट्रोल-डिझेलचा भाव साडेचार महिने हललाच नाही, मधे उत्तर प्रदेशची निवडणूक, मधेच रशिया युक्रेनमध्ये घुसला, कच्चं तेल 130 डॉलरच्या वर जाऊन आलं तरी पंप गप्प. निकाल लागले 10 मार्चला, 22 मार्चपासून बहुतेक दिवशी 80-80 पैसे करत 16 दिवसांत 10 रुपये वाढले. ट्रॅक्टरवाल्याला हे सांगायला नको.

तेव्हा सगळा कांदा धरून बसू नका आणि सगळा एकदम काढूही नका, तीन-चार टप्प्यांत काढा, सड लागलेला आधी. बांगलादेश आपलं मोठं गिऱ्हाईक आहे, तिकडे आयात चालू आहे की बंद ते व्यापाऱ्याला दर आठवड्याला विचारत जा.

प्रश्न : मी पुण्याची. 4 जून 2024 ला निकाल बघून घाबरले आणि म्युच्युअल फंडातले सगळे पैसे काढले. पुढच्या निवडणुकीला काय करू?

उत्तर : ताई, टीव्ही बंद करा. एक्झिट पोलनंतर 3 जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला, 4 तारखेला 4,389 ने आपटला आणि 7 जूनला परत विक्रमी पातळीवर बंद झाला. तुम्ही विकलं ते नेमकं मधल्या दिवशी. तेव्हा पैसा पळाला तो आघाडी सरकार काय करेल या शंकेने, कारखाने तर त्या दिवशीही नेहमीसारखेच चालू होते. एसआयपी, म्हणजे दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम टाकणं, चालू ठेवा. लेकीच्या ॲडमिशनचे वगैरे वर्ष-दोन वर्षांत लागणारे पैसे असतील तर ते मात्र एफडीत टाका, निवडणूक असो नसो.