सिकलसेलची तपासणी फुकट असूनही लोक ती का टाळतात?

प्रश्न वाचला आणि आधी स्वतःचंच आठवलं. मी लॅब टेक्निशियन. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत शिबिरं केली, रोज पन्नास-साठ जणांच्या बोटाला सुई टोचली, पण स्वतःचं रक्त सहा महिने तपासलं नाही. ताईचं लग्न जमत होतं. मी एएस, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक, निघालो तर आई-बाबांपैकी कुणीतरी वाहक, म्हणजे ताईही असू शकते, हे मला इतरांपेक्षा जास्त कळत होतं.

म्हणून "अज्ञानामुळे टाळतात" हे मला पटत नाही. ज्या घरात एसएसचं, म्हणजे आजार असलेलं, लेकरू सांधे धरून रात्र-रात्र रडतं, त्या घरचे न बोलावता येतात. एरवी आया म्हणतात, "पोरीचं लगन व्हाचं हाये, मंग पाहू." पोराबद्दल असं क्वचितच ऐकलं. आणि तपासायचं ते लग्नाआधीच! दोघंही वाहक असले तर दर खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के.

दुसरी भानगड पद्धतीतच आहे. गावात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात थेंबभर रक्त टाकायचं, थोडं थांबायचं, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण वाहक की रुग्ण, ते यात कळत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी लागते. तो रिपोर्ट येईपर्यंत "त्याईच्या घरी सिकल निघाला" हे गावभर झालेलं असतं. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, हे मग कुणाला सांगणार? नळी चारचौघांत बघायची नाही, एवढं पाळलं तरी पुढच्या शिबिराला माणसं येतात, हा माझा अनुभव.

"हा आदिवासींचा, दलितांचा आजार" हा शिक्का वेगळाच. त्यापायी बाकीचे रांगेत उभे राहत नाहीत. सापडतो तो त्यांच्यातही.

१ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं ठरलं. आकडा गाठणं वेगळं. तपासणीनंतर मिळालेलं कार्ड मात्र पेटीच्या तळाशी जातं, हे मी पाहिलंय.

ताईचं लग्न झालं, मग मी तपासलं. एएस. माझ्या वेळी होणाऱ्या सासऱ्यांना सरळ सांगितलं. आठवड्याभरात ते मुलीचा रिपोर्ट घेऊन आले: एए, म्हणजे वाहकही नाही. "आमची हरकत नाही," म्हणाले, "फक्त बैठकीत हा विषय काढू नका."