ओट्सचे बार कापताना भुगा होतो, काय चुकत असेल?

तुम्ही लिहिलंय की साखर न घालता खजूर आणि सुकामेवा घालून ओट्सचे बार ओव्हनमध्ये केले, पण सुरी लावताच सगळ्याचा चुरा झाला. शिवाय मुंबईच्या हवेत ते किती दिवस टिकतील, हेही विचारलंय.

माझेही पहिल्या दोन वेळचे असेच गेले. नवरा पहाटे पाचला पहिल्या पाळीला निघतो आणि नऊपर्यंत नुसत्या चहावर असतो, म्हणून मी हे करायला घेतलं. केकसारखं मिश्रण अलगद ओतून भाजलं की हमखास विस्कटतं. याला वडीसारखंच वागवायला हवं, म्हणजे दाबून थापायचं आणि पूर्ण गार झाल्याशिवाय वड्या पाडायच्या नाहीत.

माझं प्रमाण सांगते. 200 ग्रॅम रोल्ड ओट्स मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजून घ्या. इन्स्टंट ओट्स घेऊ नका, त्यांचा लगदा होतो. भाजलेल्यातले साधारण एक तृतीयांश मिक्सरमधून भरड काढा. ओट्सच्या पेजेला जो बुळबुळीत चिकटपणा येतो, तोच या पिठातून मिळतो आणि बार धरून ठेवतो. 200 ग्रॅम काळा मऊ खजूर बिया काढून अर्धी वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा आणि त्याच पाण्यासकट वाटा. त्यात भाजलेले ओट्स आणि त्यांची भरड, दोन मोठे चमचे पातळ केलेलं तूप, मूठभर भाजलेले तीळ, 80 ग्रॅम बदाम-अक्रोडाचे तुकडे, 100 ग्रॅम बारीक चिरलेली सुकी फळं आणि चिमूटभर मीठ घाला. मिठाशिवाय चव सपक लागते, ते विसरू नका.

आता मिश्रण हातात घेऊन मूठ वळून बघा. बेसनाच्या लाडवाला बघतो तसंच. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे तसेच राहिले तर झालं. कडा सुटत असतील तर चमचाभर पाणी किंवा काकवी घाला. हाताला लगदा चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, थोडं ओट्सचं पीठ मिसळा.

आठ इंची चौकोनी भांड्यात बटर पेपर घालून मिश्रण पसरा आणि वाटीच्या बुडाला तूप लावून जोर देऊन थापा, कोपऱ्यांत तर विशेष. वर आलेले बेदाणे आत ढकला. उघडे राहिले तर ते फुगून काळे पडतात आणि कडू लागतात. 160 अंशांवर, मधल्या जाळीवर, 25 ते 30 मिनिटं. कडा तांबूस झाल्या की काढा. मध्यभागी तेव्हा मऊच लागेल, ते बघून आणखी भाजत बसू नका. गरम असताना सुरीने नुसत्या रेघा आखा आणि दोन तास गार झाल्यावर वड्या पाडा.

सुक्या फळांचं मात्र जरा बघून घ्या. मी क्रॉफर्ड मार्केटमधून आणते, तिथे चाखून घेता येतं. भडक केशरी जर्दाळूंचा रंग सल्फर डायऑक्साइडमुळे टिकलेला असतो. घरात कुणाला दमा असेल तर तपकिरी, सुरकुतलेलेच घ्या. अंजीर कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून कोरडं पुसा, नाहीतर बियांसकट दाताला टणक लागतं. आणि टुटी-फ्रुटी घालू नका, ती साखरेत मुरवलेली कच्ची पपई असते.

साखर घातली नाही म्हणजे साखर नाही, असं मात्र समजू नका. खजूर आणि बेदाण्यांतलीच धरली तर वरच्या प्रमाणात 16 बार होतात आणि प्रत्येकात साधारण 12 ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर येते. उष्मांक 160 च्या आसपास. घरात मधुमेह असेल तर हे लक्षात ठेवूनच द्या. ओट्सने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणतात ते त्यातल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे, पण त्यासाठी दिवसाला 3 ग्रॅम लागतं आणि एका बारमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम असतं. बिस्किटाच्या पुड्यापेक्षा पोटभरीचा खाऊ म्हणून मला हे आवडतात. औषध म्हणून खाऊ नका.

टिकण्याबद्दल: हिवाळ्यात स्टीलच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, पाच-सहा दिवस बाहेर राहतात. जून ते सप्टेंबर दुसऱ्याच दिवशी ते मऊ पडू लागतात, तेव्हा सरळ फ्रीजमध्ये ठेवा, दोन आठवडे जातात. पहाटे डब्यात टाकला की नऊपर्यंत खायला बरोबर मऊ होतो.