लवंगेचं कडं मोठं, हळद रुसली

प्रश्न : ताई, आम्ही वसमतकडचे, घरचीच हळद. लेक परभणीला बीएस्सी मायक्रोला आहे, तिनं लवंग, लसूण अन् हळदीचा अर्क जंतूंच्या प्लेटवर लावून बघितला तर लवंगेभोवती जंतू न वाढलेलं मोठ्ठं कडं आलं, हळदीभोवती नावालाच. सासूबाईंना लई राग आला, म्हणाल्या अमेरिकेशी हळदीची केस जिंकलो ते काय उगंच? आता ह्यांच्या पायाला विळा लागलाय, तर त्या हळद दाबून बसल्यात, दवाखान्यात जाऊ देईनात. काय करावं?

उत्तर : वहिनी, प्लेटचं नंतर, आधी पाय. वाहत्या पाण्यानं साबण लावून धुवा अन् आजच धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवा, विळ्याला माती असतेच आणि ते जंतू मातीतच राहतात. आपली हळद शिजवून उघड्यावर वाळवतो, मग धूळ, पोती, गिरणी, ती काही निर्जंतुक नसते हो, उघड्या जखमेत भरू नका. सूज, पू, ताप असला तर डॉक्टर देतील तो गोळ्यांचा कोर्स पुरा करा.

आता कडं. ते लहान आलं म्हणजे हळद कमजोर, असं लगेच म्हणता येत नाही. हळदीतलं कुरकुमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही अन् प्लेटमधलं आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, बहुतेक पाणीच, मग ते पसरणार कसं, टाकलं तिथंच बसतं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल त्यामानानं पसरतं. म्हणजे कड्यात ताकद अन् पसरणं दोन्ही मिसळलेलं असतं. पण म्हणून हळद जिंकली असंही नाही, कारण पोटात घेतलेलं कुरकुमिन रक्तात फारच थोडं पोचतं.

लेकीला दोन गोष्टी विचारा. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल तर नुसत्या अल्कोहोलमध्ये बुडवलेली कागदाची एक चकती शेजारी ठेवली होती का? नाहीतर कडं लवंगेचं का अल्कोहोलचं, कळायचं कसं. आणि लसूण आधी ठेचला का आधी उकळला? अख्ख्या पाकळीत जंतू मारणारं अ‍ॅलिसिन नसतंच, ठेचल्यावर तयार होतं, अन् ते करणारं एन्झाइम उकळलं की गेलं.

सासूबाईंची केस मात्र खरी. जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं, आपल्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन संस्थेनं हरकत घेतली अन् 1997 ला ते रद्द झालं. पण रद्द झालं ते 'हे आमच्याकडं जुनंच माहितीये' म्हणून, हळद इंजेक्शनच्या जागी चालते म्हणून नव्हे. हे त्यांना जरा गोडीनं सांगा, चहा झाल्यावर.