दारात उभी असलेली ताई

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. पीएच.डी.साठी बालशिक्षण घ्यावे की कुटुंबविषयक धोरण, असा पेच मार्गदर्शकांनी तुझ्यापुढे टाकला आहे. दोन्ही घेतलेस तर विषय पसरट होईल, असे त्यांचे म्हणणे. वाचून मला चीड आली, कारण चाळीस वर्षांपूर्वी हेच मलाही ऐकवले गेले होते आणि मी ते मुकाट्याने मानले.

प्रबंधासाठी मी बालवाडीतल्या मुलांचा शब्दसंग्रह मोजत असे. दारात रोज आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी राही, आतली बडबडगीते ओठांतल्या ओठांत म्हणे आणि बाळ रडू लागले की गाणे अर्धवट टाकून निघून जाई. आई भातलावणीला गेलेली असे. माझ्या तक्त्यात त्या मुलीसाठी रकाना नव्हता, म्हणून तिची नोंदच झाली नाही. प्रबंध मात्र मान्य झाला.

म्हणून बजावते, मुलाविषयी ओळ लिहिण्याआधी त्याला कोण सांभाळते ते लिही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीला शाळेत बसता यावे. हे सारे मी वाचलेले होते, तरी दारातली मुलगी मला दिसली नाही.

संख्याशास्त्र शिकू का, असे विचारतेस. शीक, त्यात विचारायचे काय? पण आधी सांभाळणारे हात मोज. १९७५ पासून अंगणवाडी चालवणाऱ्या सेविकेला आपण वेतन नव्हे, मानधन देतो. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. त्यातले शेतमजूर बाईच्या पदरात काय पडते, हा प्रश्न बालशिक्षणाचा की धोरणाचा, ते तुझ्या मार्गदर्शकांनी सांगावे.

पुढे एका समितीवर असताना, आई शेतावरून परतेपर्यंत पाळणाघर उघडे राहिले पाहिजे, हा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत मांडला. पुढच्या समितीत माझे नाव नव्हते. थोडे नमते घेतले असते तर निदान काहीतरी पदरात पडले असते, असे सहकारी आजही म्हणतात. मला ते पटत नाही. दुपारी बंद होणाऱ्या पाळणाघरामुळे त्या मुलीच्या कडेवरचे बाळ खाली उतरले नसते. मी हट्टी होते, आणि तो हट्ट प्रबंधाच्या वेळीच धरायला हवा होता.

तुझा आराखडा परत पाठवते आहे. दुसऱ्या तक्त्यात सांभाळणारी व्यक्ती, तिचे वय आणि तिचा मोबदला असे तीन रकाने पेन्सिलीने आखले आहेत. निदान वीस घरांपुरते ते भर आणि मगच मार्गदर्शकांकडे जा.

अनेक आशीर्वाद.