गळतोय म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आवळू नकोस

भाऊ, गाडी धुण्याच्या प्रेशर वॉशरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून (दाब फार वाढला की तो बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) पाणी ठिबकतंय म्हणून स्प्रिंग आवळायचा विचार करतो आहेस, तो आधी सोड. बरेचदा दोष दुसरीकडेच असतो: अनलोडर (ट्रिगर सोडला की पाणी परत पंपात वळवणारा भाग) अडकलेला, नाहीतर नोझल तुंबलेलं. आधी ते तपास. व्हॉल्व्ह आवळलास तर वाढलेला दाब होज किंवा पंप फोडून बाहेर पडेल, आणि शेजारी तू उभा असशील. मला याचीच काळजी वाटते.

आपल्या इंदूरात बोअरिंगचं पाणी जड. त्याचा पांढरा थर सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या जागेवर, बसला की व्हॉल्व्ह गळत राहतो, किंवा ऐन वेळी उघडतच नाही. हे जास्त वाईट. सुटे भाग व्हिनेगरमध्ये थोडा वेळ भिजवले की थर सुटतो. सीटवर ओरखडा दिसला तर मात्र व्हॉल्व्ह नवाच घाल. सियागंज बाजारात घेताना जुन्यावरचा बारचा (दाबाचा) आकडा दाखव, नुसती चुडी (आटे) जुळते म्हणून उचलू नकोस.

थर्मल व्हॉल्व्ह वेगळा. ट्रिगर सोडून मशीन चालू ठेवलं की पाणी पंपातच फिरून तापतं, साधारण ६० अंशांच्या पुढे तो उघडतो. म्हणून गाडीला फेस लावताना मशीन बंद ठेव.

आणि काहीही खोलण्याआधी मशीन बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब काढ.