अभ्यासिकेसाठी वाय-फाय ५, ६ की ७?

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. खाली ६० खुर्च्या, माडीवर ३६. इमारत जुनी, भिंती दगडी. सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्या चालतात. ग्रंथपालांच्या खोलीत लोखंडी कपाटावर वाय-फाय ५ चा एकच राउटर आहे. सकाळी बरं चालतं, पण दुपारच्या मुलांच्या फोनवर सिग्नल पूर्ण दिसूनही जोडणी होत नाही. विक्रेते वाय-फाय ७ घ्या म्हणतात. समितीकडे पैसे मोजकेच आहेत. काय घ्यावं?

उत्तर: वाय-फाय ६ घ्या, आणि एका महागड्या राउटरऐवजी तीन साधे ॲक्सेस पॉइंट (राउटरला जोडून वाय-फाय पसरवणारी खोकी) घ्या. पण आधी दुपारचं दुखणं पाहू, कारण ते वाय-फाय ७ आणूनही बरं होणार नाही.

राउटर प्रत्येक फोनला एक आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला ओळख क्रमांक, देतो. नेहमीच्या मांडणीत असे जेमतेम २५३ पत्ते असतात, आणि एकदा दिलेला पत्ता बहुधा २४ तास त्याच फोनच्या नावावर राहतो. ९६ मुलांचे फोन आणि काहींचे लॅपटॉप धरले तर एका पाळीत दीडशेच्या आसपास उपकरणं होतात. सकाळची मुलं घरी जातात, त्यांचे पत्ते मात्र अडकूनच राहतात. दुपारच्या शंभर जणांना मिळतात आणि उरलेले ताटकळतात. सिग्नल पूर्ण दिसतो तो यामुळेच: रेडिओ ठीक आहे, पत्ताच शिल्लक नाही.

राउटरच्या डीएचसीपीच्या (पत्ते वाटण्याच्या) पानावर लीज टाइम, म्हणजे पत्ता राखून ठेवायची मुदत, २ तास करा. बसलेल्या मुलांना त्रास होत नाही. निम्मा वेळ सरला की फोन आपणहून मुदत वाढवून घेतो. राउटर परवानगी देत असेल तर सबनेट मास्क (जाळ्यात किती पत्ते बसतील ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५४.० करून पत्त्यांची यादी १९२.१६८.१०.१० ते १९२.१६८.११.२५० अशी लांबवा. राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१०.१ ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही, आजच करा.

आता पिढीचा प्रश्न. वाय-फाय ५ हे मानक फक्त ५ गिगाहर्ट्झच्या बँडसाठी, म्हणजे लहरींच्या पट्ट्यासाठी, आहे. तुमच्या राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा भाग अजून वाय-फाय ४ म्हणजे २००९ च्या मानकावर चालतो, आणि दगडी भिंतीआडून पोचतो तो बहुधा तोच. वाय-फाय ६ दोन्ही बँड सुधारतं. त्याचा खरा उपयोग गर्दीत होतो: एका चॅनेलचे (बँडमधल्या एका मार्गिकेचे) लहान तुकडे पाडून अनेक फोनना एकाच वेळी देता येतात. अर्थात हा फायदा वाय-फाय ६ असलेल्या फोननाच मिळतो, जुने फोन जुन्याच चालीने चालतात.

वाय-फाय ७ ची जाहिरात ज्या ३२० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेलवर उभी आहे, तो फक्त ६ गिगाहर्ट्झमध्ये मिळतो. भारतात त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा परवान्याविना खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये आला. एवढ्या पट्ट्यात ३२० चा एकच चॅनेल बसतो. शिवाय तो पकडणारे फोन महागड्या गटातले. अभ्यासिकेतल्या मुलांच्या खिशात ते क्वचितच सापडतील, तेव्हा समितीने त्यासाठी पैसे घालू नयेत.

खोक्यावरच्या ‘एएक्स ३०००’ सारख्या आकड्यालाही भुलू नका. ती दोन्ही बँडच्या कमाल वेगांची बेरीज असते, आणि तीही १६० मेगाहर्ट्झ रुंदी धरून. गर्दीच्या हॉलमध्ये रुंदी ४० वरच ठेवावी लागते. तिथे दोन अँटेनांच्या फोनचा कागदावरचा कमाल वेग ५७४ एमबीपीएस होतो. हाती साधारण निम्मा येतो, आणि तोही सगळ्यांत वाटून.

खालच्या हॉलमध्ये दोन ॲक्सेस पॉइंट छताला लावा, दोन्ही टोकांपासून एक-तृतीयांश अंतरावर, तिसरा माडीवर. कपाटावर ठेवू नका, पत्रा लहरी परतवतो. ५ गिगाहर्ट्झवर तिघांना ३६, ४४ आणि १४९ हे चॅनेल द्या, म्हणजे ४० च्या रुंदीतही ते एकमेकांवर चढत नाहीत. ५२ ते १४४ मधले चॅनेल टाळा; तिथे रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो आणि हॉलभर जोडणी तुटते. २.४ वर रुंदी २० ठेवून १, ६, ११ द्या आणि त्याची शक्ती ५ गिगाहर्ट्झच्या शक्तीपेक्षा ६ डेसिबलने कमी करा, नाहीतर फोन लांब पोचणाऱ्या पण संथ बँडलाच चिकटून बसतात.

तिन्हींना वायर न्या. एकाने दुसऱ्याकडून हवेतून सिग्नल उचलायची ‘मेश’ मांडणी गर्दीत निम्मी हवा स्वतःच खाते. कॅट-६ केबल, एक टप्पा १०० मीटरच्या आत, आणि वीजही त्याच केबलमधून देणारा ३० वॅट पोर्टचा पीओई स्विच. केबल घेताना आतली एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतपर्यंत तांबूस असेल तर तांबं. पांढरी चमकली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्यात वीज वाटेतच गळते आणि ॲक्सेस पॉइंट गर्दीच्या वेळी आपोआप बंद-चालू होतो. लोक मग दोष ॲक्सेस पॉइंटला देतात.

प्रत्येक मुलाला ४ एमबीपीएसची मर्यादा घाला, ‘क्लायंट आयसोलेशन’ (एका फोनला दुसरा दिसू न देणारी सोय) चालू करा आणि पुस्तकांच्या देवघेवीचा संगणक वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारांवरच्या अलग जाळ्यावर) ठेवा.

प्रश्न: बाहेरच्या वाचकांनाही थोडे पैसे घेऊन वाय-फाय द्यायचं असेल तर परवाना लागतो का?

उत्तर: केंद्राने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फायच्या योजनेत तुम्ही पीडीओ, म्हणजे सार्वजनिक डेटा ऑफिस होऊ शकता. पीडीओला परवाना, नोंदणी वा शुल्क नाही. ग्राहकाची ओळख आणि वापराचा हिशेब ज्या एकत्रीकरण संस्थेशी तुम्ही जोडले जाल ती सांभाळते, म्हणून करार करताना तुमचे ॲक्सेस पॉइंट त्यांच्या प्रणालीशी जुळतात का हे आधी लेखी विचारा, मगच खरेदीची ऑर्डर द्या.