खाणीत हायड्रोजन चालेल का? चालेल, पण आधी तार ओढा

प्रश्न असा आहे : ‘खाण उद्योगात हायड्रोजन आणि स्वच्छ ऊर्जा वापरणं खरंच परवडेल का? मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, यात करिअर करावं का?’

करिअरचं मला फारसं विचारू नका, मी बी.कॉम. आहे. पण पुण्याजवळ वाघोलीच्या पट्ट्यात आमची वडिलांच्या काळापासूनची दगडखाण आणि खडी क्रशर आहे, आणि या एका विषयावर माझं आणि माझ्या थोरल्या साडूंचं कायम वाजतं. त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

आधी थोडक्यात उत्तर. स्वच्छ ऊर्जा वापरता येते, आजही परवडते. हायड्रोजनही वापरता येईल, पण तो रांगेत शेवटचा. जिथे तार पोचते तिथे तार, तार नाही पोचत तिथे बॅटरी, आणि दोन्ही जमत नाही तिथे हायड्रोजन. हा क्रम उलटा सांगणारा माणूस एकतर हायड्रोजन विकत असतो, नाहीतर डिझेलचं बिल त्याने स्वतः कधी भरलेलं नसतं.

आमचे साडू दुसऱ्या प्रकारातले. हिंजवडीत नोकरीला आहेत, हुशार माणूस, त्यात वाद नाही. ऑगस्ट २०२२मध्ये केपीआयटी ही कंपनी आणि पाषाण रोडची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांनी मिळून केलेली हायड्रोजन बस पुण्यात दाखवली गेली, तेव्हापासून त्यांना हायड्रोजनशिवाय काही सुचत नाही. मेहुण्याच्या साखरपुड्यात, भर पंगतीत मला म्हणाले, ‘‘शेठ, तुम्ही खाणवाले अजून धुरात बसलाय. पाच वर्षांत हायवा टिपर हायड्रोजनवर न्या, नाहीतर खाणीला टाळं लावा.’’ सासूबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू पुण्याची हवा मी एकट्यानेच बिघडवली.

गंमत अशी, की त्याच सुमारास मी घरात डिझेल बंद करण्यासाठीच भांडत होतो. आमचा क्रशर तेव्हा जनरेटरवर चालायचा. माझं म्हणणं होतं की महावितरणचं एचटी (उच्चदाब) कनेक्शन घेऊ. दादाचा ठाम विरोध. त्याचं कारण खुळचट नव्हतं. जॉ क्रशर भरलेला असताना वीज गेली, की जबड्यात डबर अडकून बसतो. भरल्या जबड्याने मोटर पुन्हा उचलत नाही. मग माणसं आत उतरवून हाताने दगड काढायचे, निम्मा दिवस गेला आणि वर कुणाचं बोट चेंगरायची भीती. दादाचं एकच वाक्य : ‘‘डिझेल टाकीत असतं, वीज लाइनमनच्या मर्जीवर असते.’’

मी वही घेऊन बसलो. जनरेटर लिटरमागे तीन-साडेतीन युनिट देतो. डिझेल नव्वदच्या घरात, म्हणजे युनिट पडलं सव्वीस ते तीस रुपयांना, त्यात ऑइल, फिल्टर आणि ओव्हरहॉलिंग धरलेलंच नाही. महावितरणचं युनिट डिमांड चार्ज आणि इतर सगळे आकार धरून दहा-बारा रुपयांत बसत होतं. हा हिशोब बघून दादा पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, सोळाव्या दिवशी अर्जावर सही केली. खांब, ट्रान्सफॉर्मर, शेजारच्या शेतकऱ्याची संमती, यात आम्ही इतके फिरलो की ते सांगत बसलो तर वेगळं उत्तर होईल. जनरेटर अजून आहे, वीज गेल्यावर जबडा रिकामा करण्यापुरता. नंतर पत्र्यावर सोलर बसवलं. क्रशर दिवसाच चालतो, सूर्यही दिवसाच असतो, यापेक्षा चांगली जोडी नाही. फक्त पॅनेल वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा आणि धुण्याच्या पाण्याची सोय आधी करा. खडीच्या भुकटीवर दव पडलं की काचेवर सिमेंटसारखा थर बसतो.

हे सगळं चालू असताना एका रविवारी साडू दोन पाहुण्यांना घेऊन खाणीवर आले. कुठल्यातरी नवीन कंपनीची मुलं होती, लॅपटॉपवर चित्रं होती. दक्षिण आफ्रिकेतल्या मोगलाक्वेना प्लॅटिनम खाणीतला अँग्लो अमेरिकनचा डंपर त्यांनी दाखवला. मे २०२२मध्ये आणलेला, २९० टन माल उचलणारा, फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज करणारं यंत्र) आणि बॅटरी मिळून २ मेगावॉट ताकदीचा. बघून मीही थक्क झालो, खोटं कशाला बोलू. पण मी एकच विचारलं : भरायचा कुठे? तर म्हणे, सुरुवातीला नवी मुंबईजवळच्या तळोजाकडून ट्रेलरने सिलिंडर आणू. तसल्या लोखंडी नळ्यांच्या ट्रेलरमध्ये तीस-पस्तीस टनांच्या गाडीमागे तीन-चारशे किलो हायड्रोजन येतो. आणि तो ट्रेलर ओढणार डिझेलचा ट्रक, बोरघाट चढून! त्यांच्यातला एक मुलगा हसला. साडू हसले नाहीत.

त्या आफ्रिकन डंपरचंही पुढचं सांगतो, कारण चित्रं दाखवणारे ते सांगत नाहीत. त्याचं तंत्रज्ञान करणारी फर्स्ट मोड ही अमेरिकन कंपनी डिसेंबर २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिची मालमत्ता कमिन्सने घेतली. ऑस्ट्रेलियाच्या फोर्टेस्क्यूने २०३०पर्यंत दीड कोटी टन ग्रीन हायड्रोजनचं, म्हणजे स्वच्छ विजेवर बनवलेल्या हायड्रोजनचं, उद्दिष्ट लावलं होतं, ते जुलै २०२४मध्ये मागे घेतलं, आणि स्वतःच्या लोखंडाच्या खाणींसाठी लीबहेर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीकडे बॅटरीच्या डंपरांची मोठी ऑर्डर दिली. यांच्याकडे पैसा कमी नव्हता आणि इंजिनियरही कमी नव्हते.

कारण साधं आहे. एक किलो हायड्रोजन पाण्यातून काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. टाकीत भरण्यासाठी ३५० बार इतक्या दाबाला न्यायला आणखी दोन-चार. त्या किलोतून फ्युएल सेल परत देतो १६-१७ युनिट. तीच वीज बॅटरीत घातली तर पंचावन्नातली चाळीसच्या वर चाकाला मिळतात. घरच्या छतावर वीज तयार असताना तिचा हायड्रोजन करून गाडीत घालणं म्हणजे सदाशिव पेठेतून डेक्कनला व्हाया सातारा जाणं.

मग सगळ्या डंपरना बॅटरी लावा, असंही नाही. ते खाणीच्या उतारावर ठरतं. स्वित्झर्लंडमध्ये बील शहराजवळ एका सिमेंट कंपनीच्या चुनखडीच्या खाणीत कोमात्सूचा डंपर बॅटरीवर फिरवलाय. खाण डोंगरावर, कारखाना खाली. ६५ टन माल घेऊन उतरताना ब्रेकमधून इतकी वीज बॅटरीत परत जाते, की रिकामा डंपर तिच्यावर वर चढतो. आमच्याकडे उलटं. वाघोलीच्या खाणी जमिनीत खोल गेल्यात, भरलेली गाडी चढते आणि रिकामी उतरते. फुकट काही मिळणार नाही. पण खाणीच्या बुडापासून क्रशरच्या हॉपरपर्यंत अंतर किती? हाकेवर. तिथे कन्व्हेअर बेल्ट टाका, नाहीतर चढावर ट्रॉलीची तार टाका. स्वीडनमध्ये बोलिडेनच्या आयटिक तांब्याच्या खाणीत डंपर चढावर डोक्यावरच्या तारेवर चालतात. चंद्रपूर-सिंगरौलीकडचे कोळशाच्या खाणीतली शॉव्हेल आणि ड्रॅगलाइन ही खोदाईची अवाढव्य यंत्रं तर किती दशकं विजेवरच आहेत, त्यांचं कौतुक कुणी करत नाही कारण त्यांची चित्रं जुनी झालीत.

आता माझा आवडता मुद्दा. हायड्रोजन खाणीत आधीपासून आहे, आणि भरपूर आहे. फक्त तो गाडीत नाही, सुरुंगाच्या होलात आहे. आपण दगड फोडतो तो अमोनियम नायट्रेटवर, मग अॅन्फो (अमोनियम नायट्रेट आणि डिझेलचं मिश्रण) असो की इमल्शन स्फोटकाच्या कांड्या. अमोनियम नायट्रेट अमोनियापासून, अमोनिया हायड्रोजनपासून, आणि तो हायड्रोजन आज नैसर्गिक वायूतून काढतात, कार्बन हवेत सोडून. कागदावर हिशोब केला तर एक टन अमोनियम नायट्रेटमागे ७५ किलो हायड्रोजन लागतो. हा माल बनवणारी देशातली मोठी कंपनी, दीपक फर्टिलायझर्स, तिचं मुख्यालय इथे येरवड्यात आणि कारखाना तळोजात. म्हणजे ज्या तळोजाकडून साडू माझ्या हायवासाठी सिलिंडर आणणार होते, त्याच तळोजात हायड्रोजन स्वच्छ विजेवर बनवला तर महाराष्ट्रातल्या कितीतरी खाणींचा ब्लास्टिंगचा कार्बन कमी होईल, आणि खाणवाल्याला एक नट बदलावा लागणार नाही. इथे तार चालत नाही, बॅटरी चालत नाही, हायड्रोजनच लागतो. लोखंडाच्या खनिजाचंही तसंच. स्वीडनमध्ये लुलिओला एलकेएबी (खाण), एसएसएबी (पोलाद) आणि वॅटनफॉल (वीज) या कंपन्यांनी मिळून २०२१मध्ये हायड्रोजनने खनिजाचं लोखंड करून दाखवलं. हे मी साडूंना सांगितलं तेव्हा म्हणाले, ‘‘तो वेगळा विषय आहे.’’ वेगळा कसा? तुम्ही ‘खाणीत हायड्रोजन’ म्हणालात, मी खाणीतला हायड्रोजन दाखवला.

सुरक्षेचं दोन ओळींत. हवेत ४ ते ७५ टक्के असला तरी हायड्रोजन पेटतो, अगदी बारीक ठिणगी पुरते, आणि दिवसा त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. उघड्या खाणीत तो वर उडून जातो, हे खरं. भूमिगत खाणीत छताला साठतो. तरी भूमिगत खाणीतच डिझेल घालवायची खरी निकड आहे, कारण डिझेलचा धूर कॅन्सर करतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २०१२मध्येच जाहीर केलंय आणि तो बाहेर ओढायला पंख्यांवर वारेमाप वीज जाते. तिथे मी बॅटरी म्हणेन.

आता साडूंच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर दिवाळीला पुन्हा विषय निघेल. माझी तार ज्या विजेला जोडलीय ती अजून बहुतांशी कोळशाची आहे, म्हणजे माझा धूर वाघोलीतून उठून चंद्रपूरला गेला, नाहीसा झाला नाही. सोलर आहे म्हणून थोडं बोलायला तोंड आहे. दुसरं, जिथे ग्रिडच नाही तिथे माझा हिशोब उलटतो. कॅनडात उत्तर क्वेबेकमधल्या रॅगलान निकेल खाणीत २०१४पासून पवनचक्की लावून तिची जास्तीची वीज हायड्रोजनमध्येही साठवून बघितलीय, कारण तिथे डिझेल जहाजाने न्यावं लागतं. तिसरं, भाव. सरकारी रिफायनऱ्यांच्या निविदांत ग्रीन हायड्रोजन किलोला तीन-चारशे रुपयांवर आलाय. फ्युएल सेलमधून तो युनिटला वीस-पंचवीस रुपये पडतो, म्हणजे जनरेटरच्या डिझेलशी बरोबरी. पण तो भाव कारखान्याच्या दारातला, दाबण्या-वाहण्याचा खर्च वेगळा. चौथं, लांब पल्ल्याचा माल. मे २०२५मध्ये अदानीने छत्तीसगडमध्ये कोळसा वाहायला ४० टनी हायड्रोजन ट्रक उतरवला, भरल्यावर २०० किलोमीटर जातो. त्याच वर्षी टाटांच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू झाल्या, त्यात पुणेही आहे. खाण ते कारखाना असा ठरलेला रस्ता आणि एकाच टोकाला पंप, तिथे कदाचित जमेल. माझी खडी रोज वेगळ्या साइटला जाते, माझं नाही जमणार.

तुमच्या करिअरबद्दल : हाय व्होल्टेज, मोटर आणि ड्राइव्ह, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स हे पक्कं करा. खाणीत उद्या बॅटरी आली काय किंवा फ्युएल सेल आला काय, चाकाला शेवटी मोटरच असणार. त्यासोबत दाबाखालच्या वायूंचे नियम वाचा. नागपूरच्या पेसोकडे (स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था) स्फोटकांचा परवानाही असतो आणि सिलिंडरचाही, तिथली भाषा समजणारा इंजिनियर आम्हाला शोधून सापडत नाही. आणि ‘हायड्रोजन एक्सपर्ट’ करून देतो म्हणत कुणी लाखभर फी मागत असेल, तर आधी विचारा, लॅबमध्ये चालू इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र) आहे का. चित्रं दाखवायला लागले तर पैसे न भरता घरी या.